सायकल, वजने आणि उंचीची पट्टी

२००९ सालच्या जूनमधली गोष्ट. बेळगावचा पाऊस नुकताच धरला होता आणि दवाखान्यात सर्दी-खोकल्याची मुले दाटीवाटीने बसली होती. त्या गर्दीत एक १४ वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर आला. मुलगा आजारी नव्हता. शाळेच्या सायकल स्पर्धांत तो तालुक्यापासून जिल्ह्यापर्यंत पोहोचला होता. वडिलांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोरगं सायकल चांगली मारतंय. त्याचे सर म्हणतात, जिमला घाला, वजनं उचलू दे. घरात म्हातारी म्हणते, उंची खुंटंल. घालू काय नको, तेवढं सांगा की."

मी मुलाचे वजन घेतले, भिंतीवरच्या पट्टीशी उभे करून उंची मोजली आणि सांगून टाकले, "१८ पूर्ण होऊ देत. तोपर्यंत वजनाला हात लावायचा नाही. सायकलपटूला वजने कशाला? सायकलच मारू दे." वडिलांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. या सगळ्याला दोन मिनिटेही लागली नसतील. मी पुढच्या पेशंटला आत बोलावले.

२०२४ च्या जूनमध्ये तोच मुलगा, आता तिशीला आलेला, आपल्या बहिणीच्या मुलाला घेऊन माझ्यासमोर बसला. भाचाही १४ वर्षांचा, तोही सायकलपटू आणि प्रश्नही तोच. "सर, मला तुम्ही तेव्हा नको म्हणाला होता. ह्याला काय सांगता?" त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, पण मधल्या काळात त्याच्या बाबतीत काय घडले, ते मला ठाऊक होते. २०१५ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, घराच्या अंगणात शेवाळावर पाय घसरून तो पडला आणि एवढ्याशा पडण्याने त्याचे मनगट मोडले. आमच्या अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांना शंका आली व त्यांनी डेक्सा तपासणी करून घेतली. कमरेच्या मणक्यांची घनता वयाच्या मानाने बरीच कमी निघाली. त्या हाडांना केवळ माझा सल्ला जबाबदार होता, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. पोर रोज चार चार तास सायकल मारत होते आणि वजन वाढू नये म्हणून पोटाला चिमटा घेत होते. तरीही तो अहवाल वाचताना मला २००९ सालची ती दोन मिनिटे आठवली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या दोन मिनिटांत जे वाचायला हवे होते, ते उशिरा केलेले वाचन आहे.

प्रथम मूळ प्रश्न. वजने उचलल्याने सायकलपटूची कामगिरी सुधारते काय?

ट्रॅकवरच्या स्प्रिंटविषयी कधी दुमत नव्हतेच. सहा ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणारे ख्रिस हॉय किंवा २०१८ च्या ज्युनिअर जागतिक स्पर्धेत केरीन प्रकारात रौप्यपदक मिळवणारा आपला अंदमानचा एसो अल्बन, यांचा सगळा खेळ काही सेकंदांच्या स्फोटक ताकदीचा आहे. तिथे जिम ही सायकलइतकीच आवश्यक वस्तू. वाद आहे तो रस्त्यावरच्या, तास न् तास चालणाऱ्या सायकलिंगचा. विजयपूर, बागलकोट, गदग या आमच्या शेजारच्या जिल्ह्यांतून राष्ट्रीय स्पर्धांत गेलेली मुले बहुतांशी याच प्रकारातून पुढे आली. त्यांच्या मनात पक्के बसलेले असते की वजने उचलली की मांड्या जड होतात आणि घाट चढताना ते मांस उगाच वाहून न्यावे लागते.

थोडे गणित करून पाहू. सपाटीवर २०० वॅट शक्तीने, मिनिटाला ९० फेरे या गतीने पायडल मारणाऱ्या माणसाच्या पायांचा पायडलवरचा सरासरी दाब जेमतेम १३ किलो वजनाइतका भरतो. घाटात २५० वॅट आणि मिनिटाला ६० फेरे धरले, तर तो सुमारे २४ किलो होतो. पाय खाली जातानाचा जोर सरासरीच्या दुपटीच्या आसपास धरला, तरी आकडा ५० किलोच्या आतच राहतो. एवढा जोर तर जिना चढणाऱ्या कोणत्याही माणसाच्या पायात असतो. मग १०० किलोचा बारबेल खांद्यावर घेऊन बसण्या-उठण्याची उठाठेव कशासाठी? २००९ साली माझ्या मनात, अस्पष्ट का होईना, हाच युक्तिवाद होता आणि तो चुकीचा असला तरी मूर्खपणाचा नव्हता. ऑस्ट्रेलियात डेव्हिड बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २१ प्रशिक्षित महिला सायकलपटू होत्या. त्यांच्यापैकी काहींनी १२ आठवडे स्क्वॉट केले. त्यांच्या पायांची ताकद ३५ टक्क्यांहून अधिक वाढली. पण तासाभराच्या सायकल चाचणीत काडीचाही फरक पडला नाही.

त्याच्याही आधीचे नाव रॉबर्ट हिक्सन यांचे. १९८० साली त्यांनी दाखवून दिले की ताकदीचा आणि दमाचा व्यायाम एकाच वेळी भरपूर केला, तर काही आठवड्यांनी ताकदीची वाढ थांबते आणि पुढे ती घसरूही लागते. या निष्कर्षाचा जगभर असा अर्थ लावला गेला की हे दोन व्यायाम एकमेकांचे वैरी आहेत. वास्तविक त्या प्रयोगात दमाचे काहीच नुकसान झाले नव्हते, अडखळली होती ती ताकद. हे मात्र फार थोड्यांनी वाचले. याच हिक्सन यांनी १९८८ साली उलट बाजूने प्रयोग केला. आधीच दमाचा व्यायाम करणाऱ्या ८ जणांना त्यांनी १० आठवडे वजनांचा व्यायाम जोडून दिला. ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे व्हीओटू मॅक्स, जिथल्या तिथे राहिली. पण त्या क्षमतेच्या ८० टक्के जोराने सायकल मारताना पूर्वी ७१ मिनिटांत थकणारी ही माणसे ८५ मिनिटे टिकू लागली.

फुफ्फुसे तीच, हृदय तेच. मग ही १४ मिनिटे आली कुठून? याचे उत्तर समजण्यास आमच्याकडची तालीम उपयोगी पडते. बेळगावात कुस्तीची परंपरा जुनी. आनंदवाडीच्या आखाड्याला होणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना जोर-बैठकांचे महत्त्व सांगायला नको. सायकलपटू मुलांचे पालक मला हमखास विचारतात, "वजनं कशाला? पाचशे बैठका मारल्या तर चालत नाही काय?" बैठका उत्तमच, पण सायकलपटूला त्यांनी नवीन फारसे काही मिळत नाही. ९० फेऱ्यांच्या गतीने तो तासाला ५,४०० वेळा पाय खाली दाबतो. हलक्या ओझ्याच्या हजारो आवृत्त्या त्याच्या पायांना रोजच्याच. त्यात पाचशेंची भर म्हणजे समुद्रात तांब्याभर पाणी. त्याच्या स्नायूंना न मिळालेली गोष्ट म्हणजे मोठे ओझे, तेही मोजक्या वेळा. असे ओझे आले की एरवी झोपलेले तंतू जागे करावे लागतात आणि मेंदूकडून स्नायूंकडे जाणारा हुकूम अधिक जोरकस होतो. एकूण ताकद वाढली की पायडलवरचा तोच १३ किलोंचा दाब हा त्या ताकदीचा लहान हिस्सा ठरतो. लवकर थकणाऱ्या तंतूंना कामाला जुंपण्याची वेळ त्यामुळे पुढे ढकलली जाते.

डेन्मार्कच्या पेर आगार्ड यांच्या गटाने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे सूक्ष्मदर्शकाखालीच दिसले. २३ वर्षांखालील राष्ट्रीय दर्जाच्या १४ सायकलपटूंपैकी काहींनी १६ आठवडे जड वजने उचलली. त्यांच्या मांडीच्या स्नायूंतील झटपट थकणाऱ्या टू-एक्स तंतूंचे प्रमाण ५ टक्क्यांवरून एक टक्क्याच्याही खाली आले व त्यांची जागा अधिक चिवट अशा टू-ए तंतूंनी घेतली. ४५ मिनिटांच्या चाचणीत त्यांची शक्ती ८ टक्क्यांनी वाढली. तंतूंची जाडी मात्र वाढली नाही. मांड्या जड होण्याची भीती बाळगणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

परंतु मला सर्वांत पटला तो नॉर्वेतील लिलेहॅमर येथील बेंट रॉनेस्टाड यांचा प्रयोग. कारण त्यांनी प्रश्नच अधिक शहाणपणाने विचारला. ताज्या पायांनी काय होते, हे न पाहता थकलेल्या पायांनी काय होते ते त्यांनी पाहिले. खऱ्या शर्यतीत तरी दुसरे काय असते? मुंबई-पुणे शर्यतीत 'घाटाचा राजा' ठरतो तो खंडाळ्याच्या चढावर, कित्येक किलोमीटर पायाखाली घातल्यानंतर. रॉनेस्टाड यांच्या २० सायकलपटूंपैकी ११ जणांनी १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्धा स्क्वॉट, एका पायाचा लेग प्रेस, मांडी वर उचलण्याचा आणि टाच उचलण्याचा असे चारच व्यायाम केले. वजन सुरुवातीला जेमतेम दहा वेळा उचलता येईल इतके, शेवटी जेमतेम चार वेळा. त्यानंतर सर्वांना ३ तास ५ मिनिटे मध्यम गतीने सायकल मारायला लावली आणि लगेच शेवटची ५ मिनिटे जीव तोडून. वजने उचलणाऱ्यांची त्या ५ मिनिटांतली सरासरी शक्ती सुमारे ७ टक्के वाढलेली होती. नुसती सायकल मारणाऱ्यांची होती तिथेच राहिली. मधल्या तीन तासांपैकी शेवटच्या तासात त्यांच्या हृदयाचे ठोकेही पूर्वीपेक्षा कमी पडत होते. याच गटाने २०१० साली आणखी एक उपयुक्त गोष्ट दाखवली. शर्यतींचा हंगाम सुरू झाल्यावर आठवड्यातून एकदाच वजने उचलली, तरी कमावलेली ताकद १३ आठवडे टिकते. पूर्ण सोडून दिली तर ओसरते.

तेव्हा मोठे, पण मोजके वजन आणि किमान तीन महिन्यांचा धीर या अटींवर उत्तर 'होय' असे आहे. बिशप यांच्या महिलांना लाभ का दिसला नाही, याचे एक कारण मला असे वाटते की चाचणी ताज्या पायांनी, एका तासाची होती.

येथे थोडा स्वानुभव सांगतो. पुरावा म्हणून नव्हे, गंमत म्हणून. मी हौशी सायकलस्वार. रविवारी जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्याने चोर्ल्याकडे जाऊन परत यायचे आणि अंगात हौस उरलीच तर येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ चढायचा. वयाच्या ५३ व्या वर्षी जिममध्ये नाव घातले. पहिले तीन आठवडे दवाखान्याच्या दोन पायऱ्या उतरताना मांड्या अशा दुखत की नर्सने विचारले, "सर, पडला काय?" पावसाळाभर व्यायाम करून राजहंसगड चढलो, तेव्हा वेळेत एका मिनिटाचाही फरक नव्हता. मित्रांनी यथेच्छ थट्टा केली. पण दिवसभराच्या फेरीनंतर, गुडघ्यांत जीव नसताना, तोच गड चढायची वेळ आली तेव्हा मी उतरून सायकल ढकलली नाही. पूर्वी ढकलत असे.

आता दुसरा, माझ्या विषयातला प्रश्न. मुलांचे काय?

उंची खुंटण्याच्या समजुतीची पाळेमुळे शोधू गेल्यास १९६४ साली टोकियोत मांडलेल्या एका जपानी निरीक्षणापर्यंत पोहोचता येते. दुर्गम भागात जड कष्टाची कामे करणारी मुले ठेंगणी राहत, असे त्यात म्हटले होते. ओझी होती, हे खरे. पण पोटभर अन्न, झोप आणि विश्रांती होती काय, हा प्रश्न पुढच्या कित्येकांनी विचारला नाही. आपल्याकडे वीटभट्टीवर राबणाऱ्या मुलाची उंची विटांमुळे खुंटली की भुकेमुळे, हे बालरोगतज्ज्ञाला सांगावे लागू नये. ग्रोथ प्लेटला इजा होऊ शकते, यात शंका नाही. तथापि तशा इजांच्या कहाण्या पाहिल्या, तर बहुतेक वेळा पेलवणार नाही एवढे वजन, चुकीची पद्धत आणि पाहायला कोणीही नाही, असे त्रिकूट सापडते. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सने २००८ सालच्या निवेदनात स्पष्ट म्हटले होते की योग्य देखरेखीखालील अशा व्यायामाचा उंचीवर किंवा ग्रोथ प्लेटवर वाईट परिणाम दिसत नाही. २०२० साली ही भूमिका अधिक ठामपणे मांडली गेली. म्हणजे २००९ साली मी जो सल्ला दिला, त्याच्या आदल्याच वर्षी त्याचे उत्तर छापून झाले होते. माझ्या कपाटात ते नियतकालिक नव्हते असेही नाही.

सायकलपटू मुलाच्या बाबतीत तर मुद्दा केवळ 'अपाय नाही' एवढाच राहत नाही. कॅनडातील सस्कॅचेवान येथे मुलांच्या वाढीचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासातून १९९९ साली निष्कर्ष आला की प्रौढपणी अंगात असणाऱ्या अस्थिखनिजांपैकी सुमारे २६ टक्के हे हाडांत खनिजे सर्वांत झपाट्याने जमा होतात त्या काळाभोवतीच्या दोनच वर्षांत साठतात. हाडाला ही ठेव करण्याची बुद्धी होते ती धक्क्यांनी, उड्यांनी, ओझ्याने. कबड्डी, खो-खो, कुस्ती खेळणाऱ्या मुलाला हे आपोआप मिळते. सायकलवर शरीराचा भार सीटने आणि हँडलने उचललेला असतो. हृदयाला उत्तम व्यायाम होतो, हाडांना मात्र निरोपच पोहोचत नाही. रस्त्यावरच्या सायकलपटूंच्या कमरेच्या मणक्यांची घनता कमी आढळते, हे अनेक पाहण्यांत दिसले आहे. त्यात वजन कमी ठेवण्यासाठी उपासमार जोडली गेली, तर संप्रेरकांचे चक्रही मंदावते. ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेला स्वतंत्र नावच दिले आणि ती मुलींपुरती मर्यादित नाही, हेही सांगितले. माझा २००९ चा मुलगा त्या दोन मौल्यवान वर्षांत फक्त सीटवर बसून होता आणि मीच त्याला तसे बसवले होते.

आमच्या व्यवसायबंधूंसाठी काही व्यवहारातल्या गोष्टी. वयात न आलेल्या मुलाची ताकद या व्यायामाने चांगली वाढते. पण ती मज्जासंस्थेच्या शिकण्यामुळे, स्नायू फुगून नव्हे. त्यामुळे "तीन महिने झाले, दंड काही दिसत नाहीत" म्हणणाऱ्या पालकाला हे आधीच सांगून ठेवावे. नियंत्रणात नसलेला रक्तदाब, हृदयस्नायूचा विकार, मार्फान सिंड्रोममधील रुंदावलेली महाधमनी, आटोक्यात नसलेली फेफरी आणि कर्करोगासाठी पूर्वी घेतलेली अँथ्रासायक्लिन वर्गातील औषधे, एवढ्यांची चौकशी केल्याशिवाय परवानगी देऊ नये. छातीला स्टेथोस्कोप लावायला एक मिनिट लागते, तो लावावाच. गुडघ्याखालचे हाड दुखत असेल, तर ऑसगुड-श्लॅटर आहे का ते पाहून काही काळ वजन आणि सायकलचा जड गिअर, दोन्ही कमी करावेत. ज्युनिअर मुलांच्या गिअरवर आंतरराष्ट्रीय संघटनेची वर्षानुवर्षे असलेली मर्यादा २०२३ पासून उठली आहे. तेव्हा मुलांच्या गुडघ्यांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी आता प्रशिक्षकांवर आणि आपल्यावर अधिक आहे. आणि एक. घरात भावाने आणून ठेवलेल्या डंबेल्सवर, कोणी नसताना, बोटे चेंगरणे आणि कंबर लचकणे हेच जास्त घडते. जिमची फी वाचवण्याच्या नादात तेवढे करू नये.

भाच्याला मी जे सांगितले ते असे. पावसाळ्यात बेळगावच्या रस्त्यांवर सायकल मारणे म्हणजे खड्ड्यांशी कुस्ती. तेव्हा जून ते सप्टेंबर हा वजनांचा हंगाम. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून. पहिला महिना बारबेल नाही, केरसुणीचा दांडा. तो खांद्यावर घेऊन पाठ सरळ ठेवून नीट बसता आले की मग नुसती सळई, मग हळूहळू वजन. १० ते १५ वेळा सहज उचलता येईल इतकेच. एका दमात जास्तीत जास्त किती उचलतो, याची पैज शरीर पूर्ण वाढेपर्यंत मारायची नाही. श्वास कोंडायचा नाही. शिवाय दोरीवरच्या उड्या. जेवणात भाकरी, उसळ, दूध, अंडी पोटभर. वजनकाटा घरात ठेवायचा नाही. ऑक्टोबरनंतर, सायकल पुन्हा सुरू झाली की, आठवड्यातून एकच दिवस.

मामाने सगळे वहीत लिहून घेतले. आजी अजून हयात आहे आणि तिचे मत अजून तेच आहे, हेही त्याने जाता जाता सांगितले. म्हणून आमचे ठरले की दर तीन महिन्यांनी मुलाने दवाखान्यात येऊन उंची मोजून घ्यायची. सप्टेंबरात तो आला. अनवाणी, टाचा भिंतीला लावून, हनुवटी सरळ ठेवून मी त्याला त्याच पट्टीशी उभे केले, जिच्यापाशी १५ वर्षांपूर्वी त्याचा मामा उभा होता. जूनच्या मानाने उंची २ सेंटिमीटर वाढलेली होती. मामा वाकून आकडा पाहत होता. म्हणाला, "सर, परत एकदा मोजा की. आजीला सांगायचंय."

मी पुन्हा मोजली.